गावात कीटकांचा कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तालुक्यांतली काही मंडळी मिळून वाड्यावाड्यांवर कीटकांचे कार्यक्रम करतो. आमच्यात कुणी शिक्षक आहेत, कुणी बागायतदार, कुणी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकलेले, तर काही जण दशावतारात काम करणारे. मंडळं, महिला गट, ग्रंथालयं यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ज्यांना आपल्या गावात स्वतःच सुरुवात करायची आहे, त्यांनी आमची वाट पाहत थांबू नये. उत्तरं त्याच हिशेबाने लिहिली आहेत.

हा कार्यक्रम नेमका असतो कसा?

साधारण दीड-दोन तासांचा. दिवेलागणीच्या आधी सुरू करतो, म्हणजे उजेडात बघायचं ते बघून होतं आणि अंधार पडला की पडद्यावर येणारे पतंग दाखवता येतात. टेबलावर जिवंत कीटक मांडलेले असतात: बरणीतल्या अळ्या, फांदीवरचा प्रार्थनाकीटक, बारीक धुळीच्या ताटात खड्डा करून तळाशी दबा धरून बसलेली मुंगीसिंहाची अळी. भिंगं हातोहात फिरतात. मग पंधरा-वीस मिनिटांचं सोंग किंवा गाणं, आणि त्यानंतर प्रश्न. प्रश्नांना वेळेची मर्यादा ठेवत नाही, कारण खरा कार्यक्रम तिथेच रंगतो.

एक नियम मात्र काटेकोर पाळतो. एका कार्यक्रमाचा नायक एकच कीटक. वीस कीटकांची नावं ऐकून माणूस घरी जातो आणि सकाळपर्यंत विसरतो. एकाच कीटकाची सगळी गोष्ट ऐकली, तर दुसऱ्या दिवशी परसात जाऊन तो त्याला शोधतो. कार्यक्रम जमला की नाही, हे आमच्या लेखी त्या सकाळीच ठरतं. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

शाळेतच घ्या की! देवळासमोर, जत्रेत कशाला?

शाळेतही घेतो. पण झुरळांवर कुठला स्प्रे मारायचा, काजूवर औषधाची फवारणी कधी करायची, अंगणातलं वारूळ ठेवायचं की खणून काढायचं, हे मुलं ठरवत नाहीत. ते ठरवणारी माणसं देवळाच्या सभामंडपात भेटतात, जत्रेत भेटतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटतात. तिथे आजी, सून आणि नातू एकाच बरणीत डोकावतात. आजीला त्या किड्याबद्दल जे ठाऊक असतं ते ती नातवासमोर बोलते, आणि अनेकदा आमच्यापेक्षा चांगलं बोलते.

जत्रेत पद्धत बदलावी लागते. लोक खाजं घ्यायला आणि देवदर्शनाला आलेले असतात, थांबतील ती दोन मिनिटं. तिथे सोंग चालत नाही. एक बरणी, त्यात पानांची फांदी आणि पाटीवर एकच प्रश्न: 'या बरणीत प्राणी किती?' फांदीवर काडीकीटक बसलेले असतात. एक सापडला की माणूस दुसरा शोधल्याशिवाय हलत नाही, आणि त्याच्या मागे आपोआप घोळका जमतो.

किड्यांवर करमणूक म्हणजे गंभीर विषयाचा पोरखेळ नाही का?

करमणूक वरून चिकटवलेली असेल तर नक्कीच पोरखेळ. डासाचा मुखवटा घालून माणूस नुसता नाचला, तर लोक हसतील आणि डासाबद्दल काहीच कळणार नाही. पण डासाचा नर रक्त पीतच नाही, फुलांतला रस पिऊन राहतो. अंडी तयार व्हायला लागतं म्हणून रक्त फक्त मादी पिते. आता सोंगात डासाची बायको संध्याकाळी कामाला निघते आणि नवरा जास्वंदीवर बसून राहतो, यावरून दोघांचं भांडण लावा. हसू येतं त्याच वाक्यात माहिती पोचते, ती वेगळी सांगावी लागत नाही. कीटकाच्या खऱ्या वागण्यातून निघालेली गंमत तेवढीच घ्यायची, ही आमची कसोटी.

कीटकशास्त्रज्ञांनीही हा मार्ग कमी लेखलेला नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात टॉम टर्पिन यांनी १९९०च्या सुमारास झुरळांच्या शर्यतींपासून सुरुवात केली आणि त्यातून 'बग बाऊल' नावाचा मोठा वार्षिक उत्सव उभा राहिला. इलिनॉय विद्यापीठात मे बेरेनबॉम यांनी १९८४ साली कीटकांच्या भयपटांचा महोत्सव सुरू केला. पडद्यावर घराएवढी मुंगी दाखवायची आणि खरी मुंगी तेवढी का वाढू शकत नाही, ते समजावून सांगायचं. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून आत गेलेल्या नळ्या थेट पेशींपर्यंत हवा पोचवतात. शरीर फार मोठं झालं तर ही व्यवस्था पुरी पडत नाही. बेरेनबॉम या त्यांच्या क्षेत्रातल्या अग्रगण्य संशोधक आहेत आणि अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळालेलं आहे.

आणि आपल्याला हे कुणी शिकवायला हवं असंही नाही. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. लोक आख्यानासाठी थांबतात आणि निरूपण घेऊन घरी जातात. गोव्यातल्या देवळांत ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

पहिल्याच कार्यक्रमाला कुठला कीटक घ्यावा?

कढीपत्त्यावरची अळी. दुसरा विचारच करू नका.

कढीपत्ता आणि लिंबू गोव्यातल्या बहुतेक परसांत असतात. त्यांच्या कोवळ्या पानांवर लिंबाचं फुलपाखरू आणि कॉमन मॉर्मन, ज्याला मराठीत बहुरूपी म्हणतात, ही दोन फुलपाखरं अंडी घालतात. अंडं मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, गोल. त्यातून निघणारी अळी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. चार वेळा कात टाकली की ती हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. इथवर ऐकून लोक मान डोलावतात. मग मऊ काडीने अळीच्या पाठीला हलकेच स्पर्श करायचा. डोक्यामागून लालसर रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि तिखट, आंबूस वास सुटतो. ते शिंग मुंग्यांना आणि भक्षकांना पळवून लावायला असतं. सभामंडपात पहिली आरोळी उठते ती इथे, आणि मागे बसलेली माणसं उठून पुढे येतात.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात होतो. म्हणून आम्ही कार्यक्रमाच्या शेवटी अळी कुटुंबाकडे सोपवतो. तोंडाला जाळी बांधलेली रुंद बरणी, रोज ताजी पानं, तळाशी कागद, आणि चढायला एक तिरकी काडी. बरणी उन्हात ठेवायची नाही आणि पानांवर औषध मारलेलं नसावं. अळी खायची थांबून काडीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून घेते, कोष होतो, आणि बहुधा सकाळच्या वेळी फुलपाखरू बाहेर येतं. पंख सुकायला त्याला तासभर लागतो, तोवर हात लावायचा नाही. ज्या घरात हे एकदा घडलं, त्या घरातल्या माणसांना कढीपत्त्याची कुरतडलेली पानं पुढे कधी खटकत नाहीत. झाड तेवढं सहज भरून काढतं.

आमच्या गावात वारूळ म्हणजे देवी. तिथे वाळवीबद्दल बोललेलं चालेल का?

चालतं, आणि गोव्यात तर हाच विषय सगळ्यात भरघोस आहे. पण कसं बोलतो त्याला महत्त्व आहे.

सातेरी, शांतादुर्गा यांची वारुळाच्या रूपातली पूजा गोव्यात अनेक गावांत होते. श्रद्धेला धक्का लावायचं आम्हाला कारण नाही आणि तसा हेतूही नाही. उलट ज्या गावाने वारूळ राखलं, त्या गावाला आत काय चाललंय हे जाणून घेण्याचा पहिला मान आहे, अशीच आम्ही सुरुवात करतो. पूजेतल्या वारुळाला हात लावत नाही, त्याच्यावर भिंग धरत नाही, आणि देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांना आधी विचारल्याशिवाय एक शब्दही बोलत नाही.

आतली गोष्ट अशी. आपल्याकडची मोठी वारुळं बांधणारी वाळवी शेती करते. ती पालापाचोळा आणि सुकलं लाकूड खाऊन आणते, त्यापासून आतल्या दालनांत मऊ, सच्छिद्र गोळे रचते आणि त्यांवर बुरशी वाढवते. लाकडातला टणक भाग पचवायचं काम ही बुरशी करते, आणि वाळवी मग तीच बुरशी खाते. पावसाळ्यात हीच बुरशी जमिनीतून वर येते, ती म्हणजे आपली रोयणीची अळमी, वारुळावर उगवणारी खायची अळंबी. रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला बसलेल्या बायकांकडे जी चढ्या भावाने आपण घेतो, तीच. सभामंडपात ही जोडणी उलगडली की लोक एकमेकांकडे बघायला लागतात. अळमी प्रत्येकाने खाल्लेली असते, पण ती वाळवीच्या शेतातून आलेली आहे हे बहुतेकांना नवं असतं. या बुरशीवर गोव्यात डॉ. नंदकुमार कामत यांनी दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

यापुढचा मुद्दा आम्ही स्पष्ट बोलतो. अळमी काढताना वारूळ फोडलं, तर पुढच्या वर्षी तिथे अळमी नाही. वरून अलगद खुडावी, काही तशीच राहू द्यावी.

आणखी दोन गोष्टी लोकांना फार आवडतात. वाळवी मुंग्यांच्या जातीची नाही. तिचं जवळचं नातं झुरळांशी आहे. आणि मधमाश्यांच्या पोळ्यात राणी एकटी असते, पण वारुळात राणीसोबत राजाही असतो, तो आयुष्यभर तिच्याच दालनात राहतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचा खच पडतो, ते असेच नवे राजे आणि राण्या घर थाटायला निघालेले असतात.

घराच्या वाशांना लागलेल्या वाळवीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ओल थांबवा, जमिनीला टेकलेलं लाकूड वर उचला, आणि प्रकरण पुढे गेलं असेल तर जाणकार माणसाला बोलवा. घर वाचवणं आणि रानातलं वारूळ राखणं यांत कसलाही विरोध नाही.

रात्रीचा पडदा कसा लावायचा?

दोन खांबांमध्ये पांढरी चादर किंवा जुनं धोतर ताणून बांधा आणि समोर पांढरा-निळसर उजेड देणारा दिवा लावा. अतिनील ट्यूब असेल तर जास्त कीटक येतात, फक्त तिच्याकडे टक लावून बघू नका. अमावास्येच्या आसपासच्या, उष्ण, ढगाळ, वारा पडलेल्या रात्री उत्तम. आजूबाजूचे बाकीचे दिवे बंद करून घ्या. पावसाळ्यात पडवीच्या आडोशाला लावा आणि वायर, प्लग ओल्या जमिनीपासून दूर ठेवा.

अर्ध्या तासात पडदा भरायला लागतो. हिरवे, पिवळे, सुकलेल्या पानाच्या रंगाचे पतंग, भुंगे, तुडतुडे. कधी मोठा अ‍ॅटलास पतंग येऊन बसला तर मग काही बोलायची गरज उरत नाही. त्याचे पंख पसरले की मोठ्या माणसाच्या पंज्यापेक्षा रुंद भरतात, आणि त्याला चालणारं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो आणि संपतो.

'किडे दिव्याकडे का येतात?' हे सगळेच विचारतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांवरून असं दिसलं, की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीच्या आकाशाखाली त्यामुळे वर कुठे आणि खाली कुठे ते त्यांना नेमकं कळतं. दिवा जवळ असला की ते त्याच्याकडे पाठ वळवत राहतात आणि त्याच्याभोवती फेऱ्यांत अडकतात. म्हणून आम्ही दोन तासांपेक्षा जास्त वेळ दिवा ठेवत नाही. पडद्याजवळ पाली आणि बेडूकही येतात. त्यांना हाकलू नका, मुलांना तेही बघायचं असतं.

लोकांना किळस वाटते. विशेषतः बायका येत नाहीत म्हणतात.

आमचा अनुभव वेगळा आहे. परसातली कामं बायकाच करतात, भाजीवरच्या अळ्या हाताने वेचतात. किळस जास्त दिसते ती शहरी घरांतल्या तरुण पुरुषांत. कुणालाही काहीही हातात घ्यायला लावू नका. बंद बरणी, त्यावर भिंग, आणि माणूस स्वतःहून एक पाऊल पुढे येईपर्यंत शांतपणे वाट बघा. घाबरलेल्याची थट्टा तर कधीच करू नका. मित्रांनी चेष्टा केली की तो मुलगा पुन्हा कधी बरणीकडे फिरकत नाही.

झुरळांची शर्यत लावता येईल का?

घरातली, गटारातली झुरळं अंगावर रोगजंतू वाहतात, म्हणून आम्ही लावत नाही. त्याऐवजी शेणकिडे घ्या. गायीच्या शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी तो ढकलत नेणारे. ते सरळ रेषेत जातात, कारण रेंगाळलं तर दुसरा कीटक गोळा पळवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या शेणकिड्यांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं, की चंद्र नसलेल्या रात्री ते आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात. हे सांगितल्यावर लोक शेणाच्या ताटाभोवती गर्दी करतात.

डास आणि डेंगीसारख्या विषयात गंमत आणणं बरं दिसतं का?

आजारी माणसाची गंमत नाही, डासाच्या अळीची. पाण्याची काचेची बरणी, तोंडाला घट्ट बारीक जाळी, आत वळवळणाऱ्या अळ्या. बरणीवर टिचकी मारली की सगळ्या एकदम तळाशी जातात, थोड्या वेळाने श्वास घ्यायला वर येतात. डेंगीचा प्रसार करणाऱ्या एडिसची अळी शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकते. मलेरियाच्या अ‍ॅनोफिलीसला ती नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. हा फरक लहान मूलही एकदा बघून ओळखतं आणि मग घरी जाऊन स्वतः तपासणी सुरू करतं.

एडिस दिवसा चावतो, आणि त्याला गटार लागत नाही. करवंटीत साठलेलं पाणी, पोफळीखाली पडलेली सुपारीची विरी (झावळीचा खोलगट देठ), फ्रिजच्या मागचा ट्रे, जुना टायर, रबराच्या झाडाला बांधलेली वाटी एवढं पुरतं. अंडी कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून भांडं नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. अंडं ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा, म्हणून आठवड्यातून एक दिवस पाणी ओतायचा.

२० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. १८९७ साली त्या दिवशी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला अ‍ॅनोफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचे परोपजीवी शोधले. चवथीच्या आसपासची ही तारीख असते आणि मंडळं एकत्र आलेली असतात, म्हणून डासांचा कार्यक्रम तेव्हाच ठेवतो. दाखवून झाल्यावर बरणीतलं पाणी उन्हात कोरड्या जमिनीवर ओता.

गोचीड, कोळी, विंचू दाखवता का?

ते कीटक नाहीत. कीटकाला सहा पाय, यांना आठ. पण सत्तरीत गोचिडीबद्दल बोलल्याशिवाय आम्ही परतत नाही. २०१५ पासून तिथे माकडतापाचे रुग्ण आढळले, आणि हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा काळ एकच. बागेत जाताना अंगभर कपडे, पायांना आरोग्य खात्याकडून मिळणारं औषध, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि लगेच अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका. हे सांगताना आम्ही सोंग थांबवतो.

बागायतदाराला यातून काय मिळणार?

पुष्कळ. काजूच्या मोहरावर बसून रस शोषणारा टी मॉस्किटो बग हा डास नसून ढेकण्या आहे. तो दाखवला की 'हाच तो!' असा आवाज निघतो, कारण सुकलेला मोहर सगळ्यांनी पाहिलेला असतो, कीटक मात्र थोड्यांनीच. माडाच्या पात्यांवर व्हीच्या आकाराच्या कापांचं काम गेंड्या भुंग्याचं, आणि त्याच्या अळ्या आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. खड्डा वेळेवर उलटला तर निम्मं काम झालं.

आणि हुमले. आंब्या-काजूवर पानं शिवून घर करणाऱ्या, चावऱ्या, तांबड्या मुंग्या. मोठ्या मुंग्या पानांच्या कडा एकमेकींना धरून ठेवतात आणि इतर मुंग्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं जोडतात. विणकराच्या हातातला धोटाच तो. या मुंग्या झाडावरचे ढेकणे, अळ्या पकडून नेतात. चीनमध्ये संत्र्यांच्या बागांत अशा मुंग्यांची घरटी बांधत, असा उल्लेख चौथ्या शतकातल्या ग्रंथात मिळतो, आणि उत्तर ऑस्ट्रेलियात काजूबागांच्या रक्षणासाठी याच जातीचा उपयोग अभ्यासला गेला आहे. त्या काजूचे बोंडू वेचणाऱ्याला चावतात आणि काही रसशोषक किडींना पाळतातही, हे आम्ही लपवत नाही. तरी दिसलं घरटं की जाळलं, ही सवय सोडावी असं आमचं ठाम मत आहे.

चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून केलेल्या सजावटीखाली, उभं राहून आम्ही एक खेळ घेतो. वर टांगलेल्या प्रत्येक फळामागे कोण? तवसं, चिबूड यांत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. सकाळी फुलांवर मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. लिंबाच्या कुळातल्या तोरिंगाच्या पानावर तीच लिंबाच्या फुलपाखराची अळी. आणि उंबर फोडून दाखवला तर एक अख्खा संसार आत असतो: चिमुकली गांधीलमाशी परागकण घेऊन आत शिरते, शिरताना पंख गमावते, अंडी घालून तिथेच मरते. तिची नर पिल्लं बिनपंखाची जन्मतात, बहिणींसाठी भोक पाडतात आणि बाहेरचं जग न बघता संपतात.

मधमाश्या आणता का?

सातेरी म्हणतात त्या पाळीव जातीच्या मधमाश्यांची पेटी, तीही पाळणाऱ्या माणसाच्या हाताखाली आणि लांबून. आग्या माश्यांच्या पोळ्याजवळ कार्यक्रम घेऊ नका. धूर, अत्तर आणि फटाके त्यांना चिथावतात. डंख बसला तर तो नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, चेहरा सुजला तर १०८ ला फोन.

दशावतारात, फुगडीत कीटक आणायचे कसे?

कलाकारांना कथा द्या, संहिता देऊ नका. पेडण्यातल्या कलाकारांना आम्ही बहुरूपी फुलपाखराची गोष्ट सांगितली: त्याच्या काही माद्या विषारी कॉमन रोझ फुलपाखराचं रूप घेतात, म्हणून पक्षी त्यांना सोडून देतात. नराला हे सोंग जमत नाही. दशावतारात पुरुष स्त्रीपार्ट करतो, इथे मादी परक्याचं रूप घेते, एवढ्यावर त्यांनी उत्स्फूर्त संवाद रचले. संकासुराच्या तोंडी भाबडे प्रश्न शोभतात, पण परंपरेतलं पात्र वापरायचं की नाही हा निर्णय त्यांचाच. फुगडीसाठी बायकांनी स्वतः ओळी जोडल्या: 'कढीपत्त्याच्या पानावर मोत्याचा दाणा, दाण्यातून निघाली अळी, खाते पानापाना.' मराठीत की कोंकणीत, हेही गावावर सोडावं. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात.

कीटक पकडायला परवानगी लागते का?

काही फुलपाखरं आणि भुंगे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आहेत. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले अशा संरक्षित क्षेत्रांत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. आम्ही फक्त परसात, बागेत सर्रास मिळणारे कीटक घेतो. बाकीच्यांचे फोटो पुरतात. ते आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकले की जाणकार ओळख पटवून देतात.

वर्षातला कुठला काळ चांगला?

मेच्या शेवटी, पहिल्या सरींच्या सुमारास काजवे. तिथे टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे सगळं बंद ठेवा, कारण त्यांचे नर-मादी उजेडाच्याच खुणांनी एकमेकांना शोधतात. जूनमध्ये वाळवीचे पंखवाले, जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पाळला जाणारा पतंग सप्ताह. पाऊस ओसरला की फुलपाखरं, आणि घोळक्याने उडणारे भटके चतुर. हे चतुर हिंद महासागर ओलांडून मालदीव आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असं मालदीवमधल्या नोंदींवरून चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. काजूच्या हंगामात बोंडूंवर घोंगावणारी चिलटं घ्या. त्यांच्याच जातभाईंवर प्रयोग करून थॉमस हंट मॉर्गन यांनी आनुवंशिकतेत गुणसूत्रांचं काम दाखवून दिलं आणि १९३३ चं नोबेल मिळवलं. काजूच्या दारूच्या भट्टीजवळ हे सांगितलं की ऐकणाऱ्यांना खूप आवडतं.

मुलं चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात. ओरडावं का?

ओरडू नका. चतुराची पाण्यातली अळी बशीत ठेवून तिच्यापुढे डासाच्या अळ्या सोडा. तिचा खालचा ओठ घडी उलगडून झपकन पुढे येतो आणि भक्ष्य ओढून घेतो. हे पाहिल्यावर दोरा सोडायला सांगणं सोपं जातं. बहुतेक मुलं स्वतःच सोडतात.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर?

'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणा, फोन नंबर घ्या आणि खरोखर कळवा. जुन्या गोव्यातली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची (आयसीएआर) किनारी कृषी संशोधन संस्था, गोवा विद्यापीठ आणि कृषी खात्याची विभागीय कार्यालयं इथे विचारता येतं. अंदाजाने दिलेलं उत्तर गावात वर्षानुवर्षं फिरतं.

कार्यक्रम संपल्यावर कीटकांचं काय करता?

ज्या झाडावरून आणले त्याच झाडावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी सोडतो. बरणीवर झाडाचं नाव आणि घरमालकाचं नाव लिहिलेली पट्टी आधीच चिकटवा, नाहीतर गोंधळ होतो. मुंगीसिंहाच्या अळीला कोरडी, पावसापासून आडोशाची माती हवी, तिला ओल्या गवतात टाकू नका. अळी घरी नेणाऱ्यांना पानांची फांदीही द्या आणि कोष झाल्यावर फोटो पाठवायला सांगा. पुढच्या कार्यक्रमाच्या पाटीवर लावायला तेच फोटो लागतात.